१६ कोअर आणि वेग फक्त ६ पट : समांतर प्रोग्रॅमची कामगिरी मोजायची कशी?

ओवी
नमस्कार मंडळी,
पदव्युत्तर प्रकल्पासाठी उष्णतेच्या स्थिर वितरणाचे समीकरण जाकोबी पद्धतीने (प्रत्येक बिंदूची नवी किंमत म्हणजे चार शेजाऱ्यांच्या जुन्या किमतींची सरासरी, हे फेरीमागून फेरी) सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. भाषा सी, समांतर करायला ओपनएमपी. जाळी ८००० × ८०००, डबल प्रिसिजन (प्रत्येक आकडा ८ बाइट), जुना आणि नवा असे दोन अ‍ॅरे, २०० फेऱ्या. यंत्र एका सॉकेटचे (म्हणजे एकच प्रोसेसर चिप): १६ कोअर, ३२ हार्डवेअर थ्रेड (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं), डीडीआर४-३२०० मेमरी दोन चॅनेलवर. प्रत्येक मोजणी अनेकदा करून मध्यक घेतला आहे.

१ थ्रेड : ४८.० सेकंद
२ थ्रेड : २४.६
४ थ्रेड : १३.१
८ थ्रेड : ८.४
१६ थ्रेड : ७.६
३२ थ्रेड : ८.१

म्हणजे १६ कोअरवर स्पीडअप (१ थ्रेडचा वेळ भागिले १६ थ्रेडांचा वेळ) ६.३ आणि कार्यक्षमता (स्पीडअप भागिले कोअर) जेमतेम ४० टक्के. मार्गदर्शक म्हणतात स्पीडअपचा आलेख जोड. एक सहाध्यायी म्हणतो जाळी बदलून बघ, आलेख देखणा येईल. मला आलेख देखणा नकोय, कळायला हवंय. अल्गोरिदम कमी पडतोय, यंत्र कमी पडतंय, की मोजणीतच काही गडबड आहे? आणि अहवालात नेमका कुठला आकडा लिहायचा?

स्थितप्रज्ञ
अ‍ॅमडाल. विषय संपला.

बिंदुमाधव
विषय संपला नाही हो, आत्ता कुठे सुरू झालाय. :)
जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला मुद्दा साधा आहे. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कितीही प्रोसेसर लावले तरी आकसत नाही. असा भाग ५ टक्के असेल तर अनंत प्रोसेसर लावूनही २० पटीच्या पुढे जाता येत नाही, आणि १६ प्रोसेसरवर ९.१ च मिळतात. पण ओवी, तुझ्या प्रोग्रॅममध्ये क्रमिक भाग आहेच कुठे? फेरी संपल्यावर दोन पॉइंटरांची अदलाबदल, बस. तो भाग टक्क्याच्या हजाराव्या हिश्श्यातही बसणार नाही. अ‍ॅमडालच्या नावावर पावती फाडण्याआधी हे तपासायला हवं.

चक्रधर
सगळ्यात आधी घड्याळ कुठलं वापरलंस ते सांग. सी मधलं 'क्लॉक' फंक्शन लिनक्सवर सगळ्या थ्रेडांचा सीपीयू वेळ एकत्र करून देतं. १६ थ्रेड अर्धा सेकंद राबले की ते ८ सेकंद दाखवणार. नवीन मुलं त्यापायी हैराण होतात: प्रोग्रॅम डोळ्यांदेखत लवकर संपतो आणि आकडा मात्र हलत नाही.

ओवी
चक्रधर, ओपनएमपीचं डब्ल्यूटाइम वापरलंय, म्हणजे प्रत्यक्ष उलटलेला वेळ. अ‍ॅरेमध्ये सुरुवातीच्या किमती भरण्याचा वेळ त्यात धरलेला नाही.

अनुजा_क
ओवीच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत, ते सोडवून घेऊ.

अल्गोरिदम किती समांतर होऊ शकतो हे यंत्राशिवायही सांगता येतं. एकूण काम किती, आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या क्रियांची सर्वात लांब साखळी किती, या दोन गोष्टी पुरतात. रिचर्ड ब्रेंट यांचा १९७४ चा निष्कर्ष असा, की प प्रोसेसरांवरचा वेळ 'काम भागिले प' अधिक 'साखळीची लांबी' याच्या आत बसवता येतो. जाकोबीच्या एका फेरीत ६.४ कोटी बिंदू, आणि सगळे एकमेकांपासून स्वतंत्र. साखळी अगदी आखूड. म्हणजे अल्गोरिदमकडे १६ काय, १६ हजार कोअरना पुरेल इतकं सुटं काम आहे. अल्गोरिदम निर्दोष.

उरतो प्रोग्रॅम आणि यंत्र. इथे मला कार्प आणि फ्लॅट यांनी १९९० मध्ये सुचवलेलं माप फार आवडतं. मोजलेल्या स्पीडअपवरून उलट गणित करून 'क्रमिक भाग किती असावा' ते काढायचं. सूत्र: (१/स्पीडअप − १/प) भागिले (१ − १/प). ओवीच्या आकड्यांवर:

२ थ्रेड : ०.०२५
४ थ्रेड : ०.०३१
८ थ्रेड : ०.०५७
१६ थ्रेड : ०.१०२

खरंच क्रमिक भाग नडत असता तर हा आकडा जवळपास स्थिर राहिला असता. इथे तो थ्रेड वाढतील तसा चढतोय. दोन थ्रेडांचा आकडा धरून अ‍ॅमडालला विचारलं तर तो १६ कोअरवर ११.६ पट सांगेल, हातात ६.३ आहेत. थ्रेड वाढल्याने काहीतरी महागतंय, आणि ते काय हे शोधायचंय.

राघव७७
वाखूसा (वाचनखूण साठवली)! हे सूत्र पहिल्यांदाच बघतोय. बाळबोध शंका: आकडा चढला म्हणजे दोष थ्रेड तयार करण्याच्या खर्चाचा असं म्हणता येईल का?

अनुजा_क
नाही राघव, चढणारा आकडा फक्त 'दोष क्रमिक भागाचा नाही' एवढंच सांगतो. बॅरियरवर (सगळे थ्रेड पोचेपर्यंत जिथे थांबावं लागतं तिथे) थांबणं, कामाची असमान वाटणी, सामाइक डेटावरची कुलुपं, मेमरी, सगळे संशयित उभेच राहतात. पण ओवीच्या एका फेरीला १६ थ्रेडांवर ३८ मिलिसेकंद लागतात. थ्रेड तयार असताना बॅरियरचा खर्च मायक्रोसेकंदांत असतो. तो संशयित सुटला.

जुनाजाणता
बाकीचे संशयित सोडा, मेमरी धरा. आकडेमोड इथेच करून दाखवतो, म्हणजे पुढच्यांनाही उपयोगी पडेल.

६.४ कोटी बिंदू गुणिले ८ बाइट म्हणजे एक अ‍ॅरे ५१२ एमबी. कॅशमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावण्याचा प्रश्नच नाही. एका फेरीत जुना अ‍ॅरे एकदा वाचायचा, नवा एकदा लिहायचा. शिवाय ज्या ओळीवर लिहायचं ती प्रोसेसर साधारणपणे आधी कॅशमध्ये ओढून घेतो, म्हणजे नव्या अ‍ॅरेचं एक फुकटचं वाचनही धरा. वरचा-खालचा शेजारी कॅशमध्ये सापडतो, कारण तीन ओळी मिळून १९२ केबी होतात. तर प्रत्येक बिंदूला २४ बाइट, फेरीला सुमारे १.५४ जीबी, २०० फेऱ्यांना ३०७ जीबी.

आता ३०७ भागिले ७.६. सेकंदाला ४० जीबी.

तुमच्या मेमरीच्या एका चॅनेलची कमाल २५.६ जीबी प्रतिसेकंद, दोन्ही मिळून ५१.२. त्याच्या ७९ टक्के तुम्ही आताच उपसताय. प्रत्यक्षात याच्या फार वर कोणी जात नाही. नळ एक आणि घागरी सोळा, अशी स्थिती आहे. ३२ थ्रेड लावल्यावर वेळ वाढला तोही यातच आला: एकाच कोअरमधले दोन हार्डवेअर थ्रेड मेमरीच्या नळाची रुंदी वाढवत नाहीत, उलट कॅशमध्ये एकमेकांना ढकलतात.

तिरकीट
जुनाजाणता, कडक!
बेंचमार्कवरून आठवलं. आमच्या गटात एकाने लूप समांतर केला आणि वेळ आला शून्य सेकंद. स्पीडअप अनंत! उत्तर कुठे छापलंच नव्हतं, म्हणून कंपायलरने अख्खा लूप उडवून टाकला होता. तेव्हापासून आम्ही शेवटी एक बेरीज छापतोच.

शून्यवाद
बेरीज छापा, पण १ थ्रेडची आणि १६ थ्रेडांची बेरीज शेवटच्या अंकापर्यंत जुळेल अशी आशा धरू नका. संगणक अपूर्णांक मर्यादित अंकांपर्यंतच ठेवतो, म्हणून बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. तो बग नव्हे.

बिंदुमाधव
सगळे ओवीला स्थिर आकाराच्या जाळीवरच अडकवून ठेवताय. मोठं यंत्र माणूस घेतो ते मोठं गणित सोडवायला. जॉन गुस्ताफसन यांनी १९८८ मध्ये नेमकं हेच दाखवलं. त्याआधीची पार्श्वभूमी सांगतो. वर सूत्रात आलेल्या अ‍ॅलन कार्प यांनी १९८५ मध्ये १०० डॉलरचं आव्हान ठेवलं होतं: खऱ्या शास्त्रीय कामाच्या प्रोग्रॅमवर किमान २०० पट स्पीडअप दाखवा. अनेकांना ते अशक्य वाटत होतं. गुस्ताफसन यांच्या सँडिया प्रयोगशाळेतल्या गटाने १०२४ प्रोसेसरांच्या एनक्यूब यंत्रावर आकार स्थिर ठेवून ५०० च्या वर, आणि प्रोसेसरांच्या प्रमाणात आकार वाढवत नेऊन १००० च्या वर स्पीडअप दाखवला. पहिल्यावहिल्या गॉर्डन बेल पारितोषिकात तेच विजेते. गुस्ताफसनच्या हिशेबाने क्रमिक भाग ५ टक्के असला तरी १६ प्रोसेसरवर १५.२५ मिळतात.

स्थितप्रज्ञ
बिंदुमाधव, इथे घोटाळा होतो. अ‍ॅमडालचे ५ टक्के एका प्रोसेसरच्या वेळेतले, गुस्ताफसनचे ५ टक्के समांतर धावेच्या वेळेतले. दोन्ही पाच टक्के एक नव्हेत. तेच गणित दोन्हीकडे नीट मांडलं तर उत्तर एकच येतं, भांडण उरतच नाही. आणि ओवीने जाळी चौपट केली तरी मेमरीचा वेग तेवढाच राहणार. प्रत्येक बिंदूला लागणारे २४ बाइट काही कमी होत नाहीत.

बिंदुमाधव
पहिला मुद्दा मान्य. दुसराही, एका यंत्रापुरता. अनेक यंत्रं जोडलीत तर प्रत्येक यंत्राबरोबर त्याची स्वतःची मेमरी येते, तिथे आकार वाढवत मोजण्याला पूर्ण अर्थ आहे. आलेखावर आकार स्थिर होता की वाढता, एवढं मात्र ठळक लिहावं.

ओवी
डोकं गरगरतंय, पण मजा येतेय. स्ट्रीम बेंचमार्क (मेमरीचा प्रत्यक्ष वेग मोजणारी चाचणी) चालवला. त्यातल्या ट्रायड या कसोटीचा आकडा ३१ जीबी प्रतिसेकंद आला. मग माझे ४० कसे? मोजमापापेक्षा जास्त कसं मिळेल?

जुनाजाणता
स्ट्रीम लिहिण्याआधीचं ते फुकटचं वाचन मोजत नाही. ट्रायडमध्ये दोन वाचनं, एक लेखन असे तीन प्रवाह धरले जातात, प्रत्यक्षात चार वाहतात. ३१ ला ४/३ ने गुणा: ४१. तुमचे ४० त्याला टेकलेत. १६ थ्रेडांवर तुमचा प्रोग्रॅम यंत्राच्या मर्यादेवर धावतोय, आणि हे वाक्य 'कार्यक्षमता ४० टक्के' यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

पण मला आता दुसरंच खटकतंय. एका थ्रेडवर ४८ सेकंद म्हणजे फक्त ६.४ जीबी प्रतिसेकंद. आजचा एक कोअर एकटा याच्या दुप्पट सहज ओढतो. कंपायलरला पर्याय काय दिलेत?

ओवी
प्रकल्पाबरोबर मिळालेली मेकफाइल आहे. आता उघडून पाहिली: ओ-शून्य, म्हणजे कंपायलरची वेगासाठीची सुधारणा बंदच. ओ३ (भरपूर सुधारणा) आणि नेटिव्ह (याच प्रोसेसरला साजेसा कोड) करून परत चालवते.

चक्रधर
धागा आता रंगात आला.

ओवी
आकडे आले.

१ थ्रेड : २१.० सेकंद
४ थ्रेड : ८.२
१६ थ्रेड : ७.५

म्हणजे १६ थ्रेडांचा वेळ जवळजवळ तोच राहिला आणि स्पीडअप ६.३ वरून २.८ वर घसरला! प्रोग्रॅम सुधारला आणि आलेख बिघडला. आता हे मार्गदर्शकांना कसं सांगू?

जुनाजाणता
असंच सांगा. हा तुमच्या अहवालातला सर्वात मोलाचा परिच्छेद होईल. स्पीडअप हा भागाकार आहे, आणि भागाकार मोठा करायला वरचा आकडा फुगवला तरी चालतो. कोड जितका संथ, तितका तो 'छान स्केल' होतो, कारण प्रत्येक कोअर स्वतःच्याच आकडेमोडीत गुंतलेला असतो आणि मेमरीवर ताण येत नाही. डेव्हिड बेली यांनी १९९१ मध्ये समांतर यंत्रांचे निकाल मांडताना लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्याच्या बारा युक्त्या लिहिल्या, त्यातल्या कितीतरी आजही जशाच्या तशा चालू आहेत. न सुधारलेल्या क्रमिक कोडशी तुलना करणं ही त्यातलीच.

मला याची मनापासून चीड आहे. संथ क्रमिक कोडच्या जिवावर दाखवलेला स्पीडअप वाचून पुढचा माणूस यंत्र घेतो, वीज जाळतो आणि हाती काही लागत नाही.

अनुजा_क
अगदी सहमत, आणि एक पाऊल पुढे. तुलना उत्तम क्रमिक प्रोग्रॅमशीच नव्हे, उत्तम क्रमिक अल्गोरिदमशी हवी. या समीकरणासाठी गाउस-सायडेलला (नवी किंमत मिळताच तीच पुढच्या बिंदूला वापरणाऱ्या पद्धतीला) जाकोबीच्या साधारण निम्म्या फेऱ्या लागतात, आणि मल्टिग्रिड (दाट-विरळ अशा अनेक जाळ्यांवर आळीपाळीने सोडवणारी पद्धत) तर दोघांना मैलोगणती मागे टाकते. जाकोबी समांतर करायला सोपी म्हणून आलेखात शोभते. मल्टिग्रिडमध्ये जाळी विरळ होत जाते तसं थ्रेडांना काम उरत नाही, स्पीडअप कमी दिसतो, पण उत्तर कितीतरी आधी मिळतं.

२०१५ मध्ये मॅकशेरी, आयझर्ड आणि मरे यांनी मोठमोठ्या ग्राफ-प्रणालींना (एकमेकांशी जोडलेल्या बिंदूंचा डेटा अनेक कोअरांवर हाताळणाऱ्या प्रणालींना) एक प्रश्न विचारला: नीट लिहिलेल्या एका थ्रेडच्या प्रोग्रॅमला मागे टाकायला तुम्हाला किती कोअर लागतात? काही प्रणालींना शेकडो लागले, काहींना ते कधीच जमलं नाही.

राघव७७
मग टॉप-५०० ची, जगातल्या सर्वात वेगवान संगणकांची, यादी तरी कशावर विसंबून?

बिंदुमाधव
लिनपॅकवर, म्हणजे घनदाट समीकरणसंच सोडवण्यावर, १९९३ पासून. तिथे मेमरीतून आणलेल्या प्रत्येक आकड्यावर पुष्कळ गणित होतं, म्हणून यंत्राची ताकद दिसते. फ्रंटियर हे यंत्र २०२२ मध्ये त्या कसोटीवर एक एक्झाफ्लॉपच्या (सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या क्रियांच्या) पुढे गेलं. विरळ मॅट्रिक्सच्या (बहुतेक जागी शून्य असलेल्या समीकरणसंचाच्या) एचपीसीजी कसोटीवर त्याच यंत्राचा आकडा त्याच्या एक टक्क्याच्या आसपास आहे. ओवीचा प्रोग्रॅम या दुसऱ्या जातीचा. बिंदूला ४ गणिती क्रिया, त्यासाठी २४ बाइट. ७.५ सेकंदांत सेकंदाला ६.८ अब्ज क्रिया होतात, आणि मेमरीची पूर्ण कमाल धरली तरी छत ८.५ अब्ज. कोअरची स्वतःची ताकद याच्या कितीतरी पट असली तरी तिचा इथे उपयोग नाही. हे छत आलेखावर काढायची रूफलाइन पद्धत विल्यम्स, वॉटरमन आणि पॅटरसन यांनी २००९ मध्ये मांडली. ओवी, स्पीडअपच्या आलेखाशेजारी हा काढ.

मृण्मयी
दोन सॉकेटवाल्यांसाठी भर. अ‍ॅरेत सुरुवातीच्या किमती एकाच थ्रेडने भरल्या की लिनक्स अ‍ॅरेची सगळी पानं (मेमरीचे तुकडे) त्या थ्रेडच्या सॉकेटजवळच्या मेमरीत ठेवतो, कारण पान पहिल्यांदा जो शिवतो त्याच्याजवळ ते जातं. मग दुसऱ्या सॉकेटचे सगळे कोअर पलीकडून डेटा ओढत बसतात. आमच्याकडे एका सिम्युलेशनचा वेग दुसरं सॉकेट लावून वाढतच नव्हता. भरण्याचा लूपही तशाच वाटणीने समांतर केला, थ्रेड कोअरला बांधले, आणि वेळ जवळपास निम्मा झाला. मुख्य लूपमधली एक ओळही बदलली नाही. भरण्याचा वेळ मोजत नाही म्हणून तिकडे कोणी बघतच नाही, आणि सगळं तिथेच ठरलेलं असतं.

चक्रधर
मोठ्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, त्यातला प्रत्येक म्हणजे एक नोड) तर ऑपरेटिंग सिस्टीमची फुटकळ कामंही नडतात. लॉस अलामॉसच्या एएससीआय क्यू यंत्रावर हे घडलं, २००३ मध्ये त्यावर निबंध आला. सेज नावाचा प्रोग्रॅम अपेक्षेपेक्षा फार हळू चालत होता, आणि प्रत्येक नोडवरच्या चारांपैकी तीनच प्रोसेसर वापरले तर उलट बरा चालायचा! नोडवर अधूनमधून जागी होणारी सिस्टीमची कामं त्या चौथ्या प्रोसेसरवर उरकत होती. एक प्रक्रिया थांबली की बॅरियरवर हजारो थांबणार. ती कामं आवरल्यावर सेजचा वेग दुप्पट झाला. सरासरी प्रत्येक नोडची चांगलीच होती, म्हणून वेळेचा पसारा बघायचा, नुसती सरासरी नाही.

ओवी
आणखी एक गूढ. गंमत म्हणून १८०० × १८०० ची जाळी घेतली, ओ३ सह. १६ थ्रेडांवर स्पीडअप १९! १६ पेक्षा जास्त कसा?

स्थितप्रज्ञ
एल३ कॅश (कोअरांची सामाइक, सर्वात मोठी कॅश) किती, आणि कशी विभागलेली?

ओवी
एकूण ६४ एमबी. ८-८ कोअरांचे दोन गट, प्रत्येक गटाला ३२.

स्थितप्रज्ञ
मग गूढ नाही. १८०० ची दोन जाळ्यांची जागा ५२ एमबी. एका थ्रेडला स्वतःच्या गटाची ३२ च मिळते, म्हणून तो मेमरीकडे धावतो. १६ थ्रेड दोन्ही गटांत पसरले की प्रत्येक गटाच्या वाट्याला २६ येतात आणि सगळं काम कॅशमध्ये बसतं. थ्रेडांबरोबर कॅशही दुप्पट झाली. हा १९ खरा आहे, पण ८००० च्या जाळीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

तिरकीट
सहाध्यायी म्हणाला होता ती देखणी जाळी हीच. :)

जुनाजाणता
ओवी, ८००० च्या जाळीवर अजून कमाई शिल्लक आहे. छताला टेकलात तर बाइट कमी करा. एकदा मेमरीतून आणलेल्या पट्ट्यावर एकाऐवजी दोन फेऱ्या उरकून घ्या. पट्ट्याच्या कडांना थोडं गणित दुबार होईल, पण गणित इथे स्वस्त आहे.

ओवी
उशीर झाला, पण जमलं. दोन फेऱ्या एकत्र केल्यावर १ थ्रेड १९ सेकंद, १६ थ्रेड ४.६ सेकंद. उत्तर आधीच्या प्रोग्रॅमशी जुळतंय.

अहवालात पहिल्या तक्त्यात सेकंद दिलेत, तिन्ही आवृत्त्यांचे. त्याखाली स्पीडअप, प्रत्येक ठिकाणी कुठल्या वेळेशी तुलना केली ते लिहून: स्वतःच्याच १ थ्रेडशी, आणि सर्वात वेगवान क्रमिक आवृत्तीशी, म्हणजे १९ सेकंदांशी. नंतर बाइटांचा हिशेब, स्ट्रीमचा आकडा आणि रूफलाइन. ६.३ चा आकडाही ठेवलाय, शेजारी ओ-शून्य लिहून. १८०० ची जाळी वेगळ्या आलेखात, कॅशच्या खुलाशासह. मार्गदर्शक आधी म्हणाले की ६.३ वरून ४.१ वर आलीस, मग तक्त्यातले ७.६ आणि ४.६ सेकंद बघितले आणि बराच वेळ बाइटांच्या हिशेबावर बोलत राहिले.

अनुजा_क
सुरेख! मल्टिग्रिडची तुलना झालेली नाही, ही मर्यादा एका ओळीत नोंदव. आणि कंपायलरची आवृत्ती, थ्रेड कसे बांधलेस, टर्बो चालू होता की बंद, हेही लिही. एकटा कोअर धावतो तेव्हा त्याची वारंवारता जास्त असते, त्यामुळे १ थ्रेडची वेळ मुळातच थोडी कमी येते.

ओवी
टर्बो चालू होता. बंद करून आज रात्री तिन्ही आवृत्त्या पुन्हा मोजायला लावते, उद्या इथे तक्ता टाकते.

मृण्मयी
तक्त्यात किमान आणि कमाल वेळही दे, नुसता मध्यक नको.